शेंबूड हिरवा झाला म्हणजे अँटिबायोटिक?

पावसाळ्यात शाळा सुरू झाल्या की आयांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज हमखास येतो, "शेंबूड हिरवा झालाय, आता अँटिबायोटिक द्यायलाच लागेल" आणि मग मागच्या आजारपणातली उरलेली बाटली फ्रीजमधून बाहेर निघते. कृपा करून असं करू नका, कारण तो हिरवा रंग जंतूंचा नसतोच, तो आपल्याच पोराच्या पांढऱ्या पेशींचा असतो!

होतं काय की सर्दीचा व्हायरस नाकाच्या अस्तरात शिरला की तिथल्या पेशी रासायनिक सिग्नल सोडतात आणि रक्तातल्या न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी रक्तवाहिनीच्या भिंतीतून वाट काढत तिथे पोचतात. त्यांच्या आत बारीक कण असतात आणि त्यात मायलोपेरॉक्सिडेज नावाचं एन्झाइम ठासून भरलेलं असतं. ते हायड्रोजन पेरॉक्साइड आणि क्लोराइड वापरून हायपोक्लोरस ॲसिड बनवतं, नळाच्या पाण्यात क्लोरीन टाकल्यावर जंतू मारणारं जे तयार होतं ना, तेच. आणि या एन्झाइममध्ये रक्तातल्या हिमोग्लोबिनसारखाच लोह असलेला हीम नावाचा भाग असतो, फक्त प्रोटीनला वेगळ्या पद्धतीने जोडलेला, त्यामुळे तो प्रकाश वेगळा शोषतो, म्हणून रक्त लाल आणि हे हिरवं. रात्रभर नाकात साचून घट्ट झालेला शेंबूड सकाळी म्हणूनच जास्त हिरवा दिसतो. साध्या व्हायरल सर्दीतही दोन-तीन दिवसांनी हे होतं आणि व्हायरसवर अँटिबायोटिक चालत नाही.

तान्ही बाळं मुख्यतः नाकानेच श्वास घेतात, नाक चोंदलं की त्यांना दूध ओढता येत नाही, म्हणून पाजायच्या थोडं आधी सलाइनचे थेंब घाला. वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवू नका, बोट्युलिझमचा, म्हणजे जंतूंच्या विषाने स्नायू लुळे पडण्याचा धोका असतो. ओव्याची धुरी तर नकोच, धुराने सुजलेलं अस्तर आणखी चिडतं. कफ सिरप दोन वर्षांखालच्या मुलांना देऊ नका असं केंद्राच्या आरोग्य खात्याने ऑक्टोबर २०२५ मध्ये सांगितलंय.

घशाचं मात्र वेगळं आहे. सर्दी-खोकला नाही पण ताप, टॉन्सिलवर पांढरे ठिपके, गळ्याला दुखऱ्या गाठी असं असेल तर स्ट्रेप्टोकोकस नावाचा बॅक्टेरिया असू शकतो. तो निघाला तर डॉक्टरांनी दिलेला अँटिबायोटिकचा कोर्स ताप उतरला तरी पूर्ण करायचा, नाहीतर पुढे हृदयाच्या झडपा खराब होऊ शकतात.

आणि रंग बघत बसण्यापेक्षा श्वास मोजा. पोरगं शांत असताना शर्ट वर करून पूर्ण एक मिनिट, छाती-पोट किती वेळा वर येतं ते. दोन महिन्यांच्या आत ६० किंवा जास्त, वर्षापर्यंत ५०, पाच वर्षांपर्यंत ४० भरले, किंवा श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल तर सकाळची वाट न बघता हॉस्पिटलला न्या.