पंचवीस मुले, पाच तुकडे

भिन्न वंशांची, भिन्न मातृभाषांची मुले एका वर्गात शेजारी बसवली की कालांतराने ती आपोआप मित्र होतात, असा समज शिक्षकांपासून धोरणकर्त्यांपर्यंत सर्वत्र आढळतो. त्यामागची भावना चांगली आहे. पण नुसत्या शेजाराने हे साधत नाही, हे सत्तर वर्षांपासून ठाऊक आहे.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सरकारी शाळांमधील वर्णानुसार विभागणी १९५४ साली घटनाबाह्य ठरवली. त्याच वर्षी मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी संपर्कामुळे पूर्वग्रह ओसरण्यास अनुकूल अशा चार अटी मांडल्या. त्या प्रसंगापुरता तरी दोन्ही गटांचा दर्जा समान असावा, उद्दिष्ट एकच असावे, ते गाठण्यासाठी परस्परांचे साहाय्य लागावे आणि वरिष्ठांचा या साऱ्याला उघड पाठिंबा असावा. त्याच उन्हाळ्यात मुझफ्फर शेरीफ यांनी ओक्लाहोमातील एका शिबिरात अकरा-बारा वर्षांच्या २२ मुलांचे दोन गट पाडून त्यांच्यात बक्षिसांसाठी सामने लावले. काही दिवसांतच शिवीगाळ सुरू झाली आणि झेंडे जाळले गेले. मग दोन्ही गटांना एकत्र जेवायला बसवले, तर मुलांनी एकमेकांवर अन्न फेकले. ताण उतरू लागला तो दोघांनाही नडणाऱ्या अडचणींमुळे: पाणी बंद पडले, अन्न आणणारा ट्रक सुरू होईना, आणि रस्सीखेचीचाच दोर ट्रकला बांधून सर्वांनी मिळून तो ओढला. संशोधकांनी या घटना मुद्दाम घडवून आणल्या होत्या आणि त्यावर पुढे टीकाही झाली. तथापि, ही सर्व मुले गोरी, प्रोटेस्टंट आणि मध्यमवर्गीय घरांतील होती, हे ‘अमक्यांचे तमक्यांशी वैर रक्तातच असते’ असे ठामपणे सांगणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे.

शाळेच्या वर्गात दोर ओढायला ट्रक नसतो. १९७१ साली टेक्सासमधील ऑस्टिन येथे गोरी, कृष्णवर्णीय आणि मेक्सिकन वंशाची मुले नव्याने एकत्र आली आणि हाणामाऱ्या होऊ लागल्या, तेव्हा मानसशास्त्रज्ञ एलियट अॅरन्सन आणि त्यांचे विद्यार्थी वर्गात बसून निरीक्षण करू लागले. त्यांना दिसले ते असे: शिक्षक प्रश्न विचारतात, काही हात वर होतात, एकाचे उत्तर चुकते आणि बाकीचे हात अधिकच उत्साहाने हलू लागतात. एकाची चूक ही दुसऱ्याची संधी असेल, तर त्या वर्गात सहकार्यावर दिलेले व्याख्यान कितीही रसाळ असले तरी व्यर्थ आहे.

त्यांनी काढलेला उपाय ‘जिगसॉ’ म्हणून ओळखला जातो. धड्याचे तुकडे करायचे आणि गटातील प्रत्येक मुलाला एकच तुकडा द्यायचा. परीक्षा मात्र संपूर्ण धड्यावर होणार असते, त्यामुळे बाकीचे तुकडे सोबत्यांकडून ऐकल्यावाचून गत्यंतर नसते. एका गटात जोसेफ पुलित्झर यांच्या चरित्राचे तुकडे वाटले होते आणि त्यातील एक तुकडा इंग्रजी ही दुसरी भाषा असलेल्या मुलाकडे आला होता. तो अडखळू लागताच इतरांनी त्याची टर उडवली. तेव्हा एका साहाय्यकाने त्यांना एवढेच सांगितले की चिडवण्याने पुलित्झरविषयी काही कळणार नाही आणि परीक्षा थोड्याच वेळात आहे. पुढच्या काही दिवसांत मुले त्याला नेमके प्रश्न विचारू लागली, आणि प्रश्न नेमके आल्यावर त्याला उत्तरेही सुचू लागली.

अडखळणाऱ्या मुलासाठी आणखी एक सोय आहे. एकच तुकडा मिळालेली सर्व गटांतील मुले आधी एकत्र जमून त्याची तयारी करतात आणि मगच आपापल्या गटात परततात. येथे एक सुंदर गणित दडलेले आहे. वर्गात २५ मुले आणि धड्याचे पाच तुकडे आहेत असे समजू. नावे पाच ओळी आणि पाच रकान्यांच्या चौकोनात लिहावीत. आडवी ओळ म्हणजे मूळ गट आणि उभा रकाना म्हणजे एका तुकड्याच्या जाणकारांचा गट. अशा रीतीने एका धड्यात प्रत्येक मुलाची आठ जणांशी गाठ पडते. दुसऱ्या धड्याला गट तिरपे पाडावेत. मूळ गटासाठी एकेक ओळ खाली उतरताना एक घर उजवीकडे सरकावे, जाणकारांच्या गटासाठी दोन घरे, आणि कड आली की पुन्हा डावीकडून मोजावे. तिसऱ्या धड्याला तीन आणि चार घरे सरकावे. पाच ही मूळ संख्या असल्यामुळे या वाटा एकमेकींना नेमक्या एकाच घरात छेदतात. तीन धड्यांच्या सहा फेऱ्या होतात, प्रत्येक फेरीत चार नवे सोबती मिळतात, आणि चोवीसच्या चोवीस मुलांशी प्रत्येकाची बरोबर एकदा भेट होते. नावे भरताना एका समूहाची मुले एकाच ओळीत वा रकान्यात येणार नाहीत, एवढे मात्र पाहावे लागते.

हीच युक्ती ३६ मुलांवर आणि सहा तुकड्यांवर करू गेल्यास ती फसते, कारण दोन घरे सरकणारी वाट तीन ओळींनंतर मूळ रकान्यातच परतते. दुसरी एखादी युक्ती असेल काय? सहा पलटणींतील सहा हुद्द्यांच्या ३६ अधिकाऱ्यांची, प्रत्येक ओळीत आणि रकान्यात प्रत्येक पलटणीचा व प्रत्येक हुद्द्याचा एकेकच अधिकारी येईल अशी मांडणी करण्याचे गणितज्ञ लिओनार्ड ऑयलर यांचे १७८२ सालचे कोडे शेवटी याच प्रश्नाशी येऊन ठेपते, आणि ते सुटूच शकत नाही हे गास्ताँ तारी यांनी १९०१ साली सिद्ध केले. भेटींची पुनरावृत्ती न होता तीन फेऱ्या जमतात, चौथी कधीच जमत नाही. शिक्षकांनी याची चिंता करू नये, कारण दोन मुले पुन्हा एकत्र आल्याने काही बिघडत नाही. मलाच या कोड्याचा मोह आवरला नाही.

ऑस्टिनमध्ये मुलांची परस्परांविषयीची आवड वाढली आणि अल्पसंख्य मुलांचे गुणही सुधारले. पण तेवढ्याने ही पद्धत सर्व रोगांवरचे औषध ठरत नाही. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या फ्रान्समधील पाच प्रयोगांत तिचा अभ्यासातील प्रगतीवर म्हणण्यासारखा परिणाम दिसला नाही. ‘एका कार्यशाळेत पूर्वग्रहमुक्ती’ असे आश्वासन देणाऱ्या पत्रकांकडे तर संशयानेच पाहावे.

खरा अवघड प्रश्न पुढेच आहे: गटात जडलेली सवय गटाबाहेर टिकते का? सलमा मूसा यांनी इराकमधील विस्थापित ख्रिश्चन खेळाडूंच्या काही फुटबॉल संघांत मुस्लिम खेळाडू घातले. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार, मैदानावरील वर्तन सुधारले, परंतु मैदानाबाहेरच्या अनोळखी मुस्लिमांबरोबर मिसळण्याची तयारी फारशी वाढली नाही. याउलट तुर्कस्तानात शुले आलान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ८० शाळांमध्ये स्थानिक आणि सीरियन निर्वासित मुलांबरोबर दुसऱ्याच्या जागी स्वतःला ठेवून पाहण्याचा अभ्यासक्रम राबवला, तेव्हा शाळेतील मारामाऱ्या घटल्या, दोन्ही समूहांत मैत्रीचे धागे वाढले आणि ज्यांना कधी पाहिलेही नव्हते अशा शाळेबाहेरच्या मुलांशीही ही मुले अधिक उदारपणे वागली. तो अभ्यासक्रम बाहेरच्या तज्ज्ञांनी येऊन शिकवला नव्हता, मुलांच्या नेहमीच्या वर्गशिक्षकांनीच शिकवला होता.