पूर्वी मेडिकेड घेतलं असेल तर ग्रीन कार्ड अडतं का?

एच-४ वर (एच-१बी नोकरदाराच्या जोडीदाराचा व्हिसा) असताना बाळंतपण मेडिकेडवर (कमी उत्पन्नवाल्यांचा सरकारी आरोग्यविमा) झालं, किंवा नोकरी गेली त्या काळात मुलांचा विमा सरकारी योजनेतून घेतला. पुढे ग्रीन कार्डाची पाळी आली की पोटात गोळा येतो.

अमेरिकेच्या इमिग्रेशन कायद्यात ‘पब्लिक चार्ज’ची अट आहे. अर्जदार पुढे मुख्यतः सरकारी मदतीवर जगेल असं अधिकाऱ्याला वाटलं, तर अर्ज नामंजूर होऊ शकतो. २३ डिसेंबर २०२२ पासूनच्या नियमात मागच्या लाभांपैकी दोनच प्रकार मोजायचे ठरले: घरखर्चासाठीची रोख मदत (वृद्ध-अपंगांसाठीची एसएसआय, गरीब कुटुंबांसाठीची टॅन्फ, राज्याची तशी योजना) आणि सरकारी खर्चाने नर्सिंग होमसारख्या शुश्रूषा केंद्रात दीर्घकाळ राहणं. दवाखाना-बाळंतपणाचं मेडिकेड, चिप (मुलांचा सरकारी आरोग्यविमा), स्नॅप (अन्नधान्याची मदत) यांत धरलेलं नाही. मुलांना मिळालेला लाभ आईवडिलांच्या नावावर मांडला जात नाही.

मग एवढी धास्ती का? फेब्रुवारी २०२० ते मार्च २०२१ या काळात कडक नियम होता. ३६ महिन्यांत १२ महिन्यांहून जास्त मेडिकेड घेतलं तरी ते विरोधात जाई. (त्यातूनही गरोदर स्त्रिया आणि २१ वर्षांखालची मुलं वगळली होती, पण हे सांगणारा क्वचितच भेटतो.) नोव्हेंबर २०२५ मध्ये सरकारने २०२२ चा नियम रद्द करण्याचा प्रस्ताव मांडला. त्यामुळे अर्ज भरायच्या दिवशी कोणता नियम लागू आहे, ते यूएससीआयएसच्या (इमिग्रेशन अर्ज तपासणारं सरकारी खातं) साइटवर स्वतः बघा. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर विसंबू नका.

अमेरिकेत आश्रय (असायलम) मिळालेले, निर्वासित, टी (मानवी तस्करीचे बळी) आणि यू (गुन्ह्यांचे बळी) व्हिसावाले यांना ही अट नाही.

आय-४८५ मध्ये (अमेरिकेत राहून भरायचा ग्रीन कार्डाचा अर्ज) उत्पन्न, मालमत्ता, कर्ज, शिक्षण आणि रोख मदत विचारतात. जे विचारलंय त्याचं खरं उत्तर द्या. घेतलेल्या लाभापेक्षा लपवाछपवी कितीतरी महागात पडते. खोटी माहिती हे अर्ज फेटाळायचं स्वतंत्र कारण आहे. योजनेचं नाव आणि तारखा असलेली मंजुरीची व बंद झाल्याची पत्रं, टॅक्स ट्रान्स्क्रिप्ट (कर खात्याकडचा विवरणाचा उतारा), डब्ल्यू-२ (मालकाने दिलेला वार्षिक पगार-कराचा दाखला) आणि पगाराच्या स्लिपा जपून ठेवा. वैद्यकीय तपासणीचा फॉर्म, आय-६९३, आय-४८५ सोबतच लागतो.

कुटुंबामार्फत अर्ज असेल तर आय-८६४ (प्रायोजकाचं, म्हणजे बोलावणाऱ्या नातेवाइकाचं, आर्थिक हमीपत्र) हवाच. त्यात प्रायोजकाचं उत्पन्न साधारणपणे दारिद्र्यरेषेच्या १२५ टक्के लागतं. नोकरीमार्फतच्या अर्जाला तो सहसा लागत नाही. मुंबईच्या वकिलातीतून आईवडिलांना आणणाऱ्यांनी हे जास्त मनावर घ्यावं, कारण वय आणि प्रकृती कायद्यानेच विचारात घेतात. उत्पन्न काठावर असेल तर संयुक्त प्रायोजक (सोबत हमी देणारा दुसरा कोणी) आधीच शोधून ठेवा.