थांबलेल्या गाडीचा दिवा

गाडीच्या डॅशबोर्डवर लाल त्रिकोणाचं एक बटण असतं. इंजिन बंद करून किल्ली खिशात टाकली तरी ते दाबून पाहा, चारही इंडिकेटर एकदम उघडझाप करू लागतात. वळण्याचा साधा इंडिकेटर बहुतेक गाड्यांत किल्ली फिरवल्याशिवाय लागत नाही. हा फरक मुद्दाम ठेवलेला आहे. बंद पडलेल्या, रस्त्यात अडकलेल्या, कदाचित आत चालकही नसलेल्या गाडीला मागून येणाऱ्यांना सावध करता यावं, म्हणून ही सोय केलेली असते. हॅझर्ड लाइट हा मुळातच थांबलेल्या गाडीचा दिवा आहे.

पण जोराचा पाऊस सुरू झाला किंवा धुकं उतरलं की धावत्या गाडीतही अनेकांचा हात आधी याच बटणाकडे जातो. हेतू चांगलाच असतो. आपण दुसऱ्याला दिसावं, एवढंच त्यामागे असतं. मीही बरीच वर्षं असंच करत होतो. मग एका रात्री मुसळधार पावसात समोर पिवळे दिवे उघडझाप करताना दिसले. त्याआधी अशाच दिव्यांच्या चार-पाच गाड्या मला दिसल्या होत्या आणि त्या सगळ्या चालत्या होत्या. हीदेखील चालतीच असणार असं मी धरून चाललो. ती उभी होती. मी थांबलो तेव्हा मधे जेमतेम एका गाडीची जागा उरली होती.

ती उभी आहे हे मला आधी का कळलं नाही?

स्वच्छ उजेडात समोरच्या गाडीचा वेग ओळखायला डोळ्यांना भरपूर खुणा मिळतात. कडेची झाडं, रस्त्यावरचे पट्टे, चाकांखालची सावली, गाडीचा पूर्ण आकार. धुक्यात किंवा दाट पावसात या खुणा एकेक करून पुसल्या जातात आणि शेवटी मागचे दोन दिवे तेवढे उरतात. मग मेंदूकडे एकच माप शिल्लक राहतं, ते म्हणजे त्या दोन दिव्यांमधला कोन किती वेगाने रुंदावतो आहे. आपण जवळ जात असू तर दिवे एकमेकांपासून फाकत जातात. हे फाकणं लक्षात यायला एक किमान वेग लागतो. ड्रायव्हिंगवरच्या प्रयोगांत तो सेकंदाला सुमारे 0.003 रेडियन, म्हणजे अंशाचा साधारण सहावा भाग इतका आढळला आहे. त्यापेक्षा हळू फाकणारे दिवे आपल्याला स्थिरच वाटतात.

आता थोडा हिशोब करू. दोन दिव्यांत 1.4 मीटर अंतर आहे आणि आपण ताशी 80 किलोमीटरने चाललो आहोत असं धरा. समोरची गाडी उभी असेल, तर तिचे दिवे फाकताहेत हे आपल्याला सुमारे 100 मीटरवर जाणवू लागेल. ती ताशी 60 ने चालत असेल, तर सुमारे 50 मीटरवर. म्हणजे 100 मीटरच्या पलीकडे उभी गाडी आणि चालती गाडी डोळ्यांना सारखीच दिसते. धुक्यामुळे ती मुळात 60 मीटरवर पहिल्यांदा दिसली, तर उभ्या गाडीपर्यंत पोचायला तीन सेकंदही उरत नाहीत. तेवढ्या वेळात पाहायचं, ओळखायचं आणि ब्रेकही दाबायचा.

आणि समोरच्या गाडीने हॅझर्ड लावला असेल, तर नेमक्या याच वेळी तो दिवा मधूनमधून विझत असतो. संयुक्त राष्ट्रांच्या वाहन नियमांनुसार इंडिकेटर मिनिटाला 60 ते 120 वेळा उघडझाप करतो. 90 धरले तर एक आवर्तन दोन तृतीयांश सेकंदाचं होतं आणि त्यातला जवळजवळ निम्मा वेळ अंधाराचा. दिवे फाकताहेत का हे पाहायला नजर त्यांच्यावर सलग टिकून राहावी लागते. उघडझापीत मोजायची खूणच दर वेळी नाहीशी होते. ताशी 80 च्या वेगाला एकेका अंधारात आपण सात मीटर पुढे सरकलेले असतो.

उघडझाप करणारा दिवा लांबून जास्त दिसतो, ही समजूतही अर्धीच खरी आहे. लुकलुकणं लक्ष वेधतं हे खरं. पण दिवा जेमतेम दिसण्याच्या सीमेवर असेल, तर हिशोब उलटा होतो. ब्लॉन्डेल आणि रे या दोन फ्रेंच संशोधकांनी 1911 मध्ये यासाठी एक सूत्र मांडलं आणि दीपगृहांच्या दिव्यांसाठी ते पुढे वापरात आलं. त्याचा अर्थ असा की क्षणभर लागणारा दिवा डोळ्याला त्याच तीव्रतेच्या सतत जळणाऱ्या दिव्यापेक्षा मंद भासतो. एक तृतीयांश सेकंदाची झळक जवळजवळ 60 टक्केच परिणाम करते. धुक्यात सगळेच दिवे त्या सीमेवर असतात.

धुकं डोळ्यांना आणखी एका प्रकारे फसवतं. फ्रान्समधल्या संशोधकांनी 2001 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. धुक्यात फक्त मागचे दिवे दिसत असताना समोरच्या गाडीचं अंतर लोकांना सरासरी 60 टक्के जास्त वाटलं. गाडीला मागे एकच फॉग लॅम्प, म्हणजे धुक्यासाठीचा प्रखर लाल दिवा, असेल तर चूक आणखी वाढली, कारण एका दिव्यावरून कोन मोजताच येत नाही. हा निष्कर्ष वाचला तेव्हा मला त्या रात्रीचा उलगडा झाला.

तरीही सगळ्यात मोठं नुकसान प्रकाशाचं नसून अर्थाचं आहे, असं मला वाटतं. रस्त्यावरच्या प्रत्येक दिव्याला ठरलेला अर्थ असतो. चारही दिव्यांची उघडझाप म्हणजे ‘मी अडथळा आहे, मला टाळा’. सगळ्याच चालत्या गाड्यांनी तो लावला, तर खरोखर उभ्या असलेल्या गाडीकडे वेगळं सांगायला काहीच उरत नाही. शिवाय हॅझर्ड आणि इंडिकेटर यांचे बल्ब एकच असतात, त्यामुळे हॅझर्ड चालू असताना बहुतेक गाड्यांत लेन बदलण्याची सूचना देता येत नाही. मधे ट्रक आल्यामुळे मागच्याला आपली एकच बाजू दिसत असेल, तर त्याला वाटतं आपण वळतो आहोत. उत्तर अमेरिकेत अनेक गाड्यांचे मागचे इंडिकेटर लाल असतात आणि ब्रेक लाइटचंही काम करतात. तिथे हॅझर्ड लावल्यावर ब्रेक दाबल्याची खूण उघडझापीतच विरघळून जाते.

कायदेही बहुतांशी याच दिशेने आहेत. रस्ते वाहतुकीवरच्या 1968 च्या व्हिएन्ना करारात हे दिवे विशिष्ट धोक्याची सूचना देण्यापुरतेच मानले आहेत, म्हणजे गाडी बंद पडली आहे किंवा संकट अगदी समोर आहे. ब्रिटनच्या हायवे कोडमध्ये, म्हणजे तिथल्या वाहतूक नियमांच्या पुस्तिकेत, चालत्या गाडीत ते लावायला मनाई आहे. अपवाद फक्त मोठ्या वेगाच्या महामार्गावर पुढे अडथळा असल्याचं मागच्यांना कळवण्यापुरता, तोही थोडा वेळ. मला हा अपवाद रास्त वाटतो. पुढे वाहनांची रांग अचानक थांबली असेल तर मागची गाडी सावध होईपर्यंत चार झळका द्याव्यात आणि बटण बंद करावं. त्या वेळी ‘मी अडथळा आहे’ हे खरंच असतं. अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्याने मात्र 2021 मध्ये उलट पाऊल टाकलं. ताशी 55 मैल किंवा त्याहून जास्त मर्यादेच्या रस्त्यांवर, दृश्यता फारच कमी असेल तर, चालत्या गाडीत हॅझर्ड लावायला परवानगी दिली. तिथल्या पावसाची तीव्रता लक्षात घेऊनही मला हा निर्णय पटत नाही.

मग दिसावं कसं? साधे हेडलाइट लो बीमवर लावावेत. त्याबरोबर मागचे लाल दिवे लागतात आणि ते सतत जळत राहतात. इथे आधुनिक गाड्यांमध्ये एक फसगत आहे. दिवसा आपोआप लागणारे पुढचे दिवे आणि उजळलेला डॅशबोर्ड पाहून चालकाला वाटतं की सगळे दिवे चालू आहेत. पण अनेक गाड्यांत मागचे बंदच असतात. ऑटो मोडवरही भिस्त ठेवू नये. त्याचा सेन्सर उजेड मोजतो, धुकं ओळखत नाही, आणि दिवसाचं धुकं पांढरंशुभ्र उजळ असतं. स्विच स्वतःच्या हाताने फिरवावा.

धुकं फार दाट असेल तर मागचा फॉग लॅम्प. साध्या टेल लॅम्पची किमान तीव्रता 4 कँडेला (प्रकाशाच्या तीव्रतेचं एकक) असते, मागच्या फॉग लॅम्पची 150 ते 300. जवळजवळ 37 पट किंवा त्याहून जास्त. पण धुक्यात प्रकाश अंतराबरोबर घातांकी गतीने घटतो. 100 मीटर दृश्यतेच्या धुक्यातून 100 मीटरवर मूळ प्रकाशाचे पाचच टक्के पोचतात. म्हणून दिवसाच्या अशा धुक्यात 37 पट तीव्रता देऊनही दिवा सुमारे अडीच पट अंतरावरूनच दिसतो. तेवढंही मोलाचं आहे. धुकं विरळ झालं की मात्र तो बंद करायला हवा, नाहीतर मागच्याचे डोळे दिपतात आणि त्याला ब्रेक लाइट वेगळा ओळखू येत नाही. हाय बीम तर लावूच नये, कारण धुक्याचे थेंब तो प्रकाश आपल्याच डोळ्यांत परत फेकतात.

कोणताही दिवा लावला तरी वेग कमी करण्याला पर्याय नाही. हायवे कोडच्या आकड्यांप्रमाणे ताशी 80 किलोमीटरला कोरड्या रस्त्यावर थांबायला 53 मीटर लागतात. ओल्या रस्त्यावर ब्रेकचं अंतर दुप्पट धरलं तर हा आकडा 90 च्या पुढे जातो. जितकं दिसतं तेवढ्यात थांबता येत नसेल, तर आपण न पाहिलेल्या जागेवर गाडी चालवत असतो.

आणि दिसणंच थांबलं तर? अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात अचानक धुळीची वादळं येतात. तिथलं परिवहन खातं सांगतं की गाडी रस्त्यापासून शक्य तितकी दूर न्या, हँडब्रेक ओढा, सगळे दिवे बंद करा, हॅझर्डसुद्धा, आणि ब्रेकवरून पाय काढा. आधी हे वाचून मी दचकलो होतो. कारण असं आहे की आंधळेपणाने येणारा चालक समोरच्या दिव्यांनाच रस्ता मानतो आणि त्यांच्या मागे मागे येतो. कडेला उभ्या गाडीचे दिवे त्याला रस्त्याबाहेर, थेट तिच्यावर आणतात. ब्रेकवर विसावलेला पाय एवढ्यासाठीच काढायचा, की मागचे दोन लाल दिवे विझावेत.