सत्तरचा वेग चाळीसचा का वाटतो?

शिर्डीहून येताना गाडी भाचा चालवत होता. शिवमडक्याला समृद्धी महामार्ग संपला, आम्ही नागपूर शहराकडे वळलो, तसा तो कुरकुरला, "मामा, गाडी सरकूनच नाही राहिली!" मी काटा पाहिला. सत्तर. त्याच्या अंदाजाने चाळीस.

डोळ्यात वेगाचा काटा नसतो. आजूबाजूचं चित्र डोळ्याच्या पडद्यावरून किती झपाट्याने सरकतं, त्यावरून मेंदू अंदाज बांधतो. ताशी 120 म्हणजे सेकंदाला 33 मीटर. रस्त्यालगतचा खांब तीन मीटर बाजूला धरा. तो 100 मीटर पुढे असताना सेकंदाला जेमतेम अर्धा अंश सरकतो. तोच शेजारून जाताना साधारण 640 अंशांच्या वेगाने. हजारपटीहून जास्त! (हिशेब सोपा आहे: गाडीचा वेग गुणिले खांबाचं बाजूचं अंतर, भागिले डोळ्यापासूनच्या अंतराचा वर्ग. उत्तर रेडियनमध्ये येतं, एक रेडियन म्हणजे साधारण 57 अंश.) म्हणून इतवारीच्या गल्लीत तीसनेही धडकी भरते आणि रुंद, मोकळ्या रस्त्यावर शंभरही संथ वाटतात. उंच गाडीतही तसंच, कारण जमीन डोळ्यापासून लांब असते.

नजर कुठे असते तेही बघा. मायकेल लँड आणि डेव्हिड ली या संशोधकांनी 1994 मध्ये दाखवलं की वळणावर चालकाची नजर वळणाच्या आतल्या कडेवर खिळते. समृद्धीवर वळणं लांबट. नजर क्षितिजाला लागते, म्हणजे नेमकी तिथे, जिथे काहीच सरकत नाही.

त्यात सवय. तेच चित्र तासन्‌तास मागे पळत राहिलं की हालचाल टिपणाऱ्या पेशी मंदावतात. रेल्वेच्या खिडकीतून बराच वेळ बाहेर बघा. गाडी स्टेशनात थांबली की फलाट क्षणभर पुढे सरकल्यासारखा भासतो. थकलेल्या पेशी गप्प, उलट दिशेच्या ताज्यातवान्या, म्हणून पारडं तिकडे झुकतं. महामार्ग सोडल्यावर याच थकव्यामुळे सत्तरचे चाळीस होतात.

2023 मध्ये बुलढाणा जिल्ह्यात समृद्धीवर अपघात टळावेत म्हणून 'महामृत्युंजय यंत्र' बसवलं गेलं होतं. चालकाच्या समोर एक यंत्र आधीच असतं, त्याला स्पीडोमीटर म्हणतात.

भाच्याला म्हटलं, काट्याकडे बघ जरा. त्याने पाहिलं, डॅशबोर्डवर टिचकी मारली.

"मीटर बिघडलं वाटते, मामा."