ठेच लागली की कळ दोनदा का येते?

अंधारात उंबऱ्यावर अंगठा आपटला की आधी लख्ख, टोचल्यासारखी कळ येते. पाय वर धरून ‘आई गं’ म्हणेपर्यंत दुसरी येते, आणि ती मात्र ठणकत बसते. मार एकच, मग निरोप दोन कसे?

मुळात निरोपाला वेळ लागतो हेच १८५०पर्यंत कुणी मोजून दाखवलं नव्हतं. हा वेग मोजणं माणसाला जमायचं नाही, असं योहानेस म्युलर या जर्मन शरीरशास्त्रज्ञाचं मत होतं. त्यांच्याच शिष्याने, हेल्महोल्ट्झने, बेडकाच्या चेतेत, म्हणजे निरोप वाहून नेणाऱ्या तंतूंच्या जुडग्यात, तो मोजला: सेकंदाला साधारण २७ मीटर. १९२०च्या दशकात अमेरिकेत सेंट लुईसमध्ये अर्लँगर आणि गॅसर या शास्त्रज्ञांनी ऑसिलोस्कोप (विजेचे झटपट बदल पडद्यावर दाखवणारं यंत्र) लावून पाहिलं, तर एकाच चेतेतल्या तंतूंचे वेग निरनिराळे निघाले. मायलिन या चरबीयुक्त पदार्थाचं जाड वेष्टन असलेले तंतू सेकंदाला शंभर मीटरही गाठतात. वेष्टनच नसलेले ‘सी’ तंतू जेमतेम एक मीटर. अंगठ्यापासून कण्यापर्यंत अंतर मीटरभर, म्हणजे सेकंद गेलाच. ठणकणारी दुसरी कळ ती हीच. पहिली येते पातळ वेष्टनाच्या ‘ए-डेल्टा’ तंतूंवरून.

या तंतूंच्या टोकाला काय असतं, याचा शोध त्याआधीच सुरू झाला होता. १८३१ साली इटलीत पिस्तोया इथे फिलिपो पाचिनी नावाचा विद्यार्थी शवविच्छेदन करत होता. तळहाताच्या चेतांना लगडलेले बारीक पांढरे दाणे त्याला दिसले. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांचे पदर कांद्यासारखे. खिशातला मोबाइल थरथरतो तो आपल्याला कळतो त्यात या दाण्यांचा मोठा वाटा. खरं तर शतकभर आधी फाटर या जर्मन शरीररचनातज्ज्ञाने ते पाहिले होते, पण ते विस्मरणात गेले. (पाचिनीचं नशीबही तसंच. १८५४मध्ये त्याने कॉलऱ्याचा जंतू पाहिला, श्रेय बरीच वर्षं जर्मन शास्त्रज्ञ रॉबर्ट कॉखला मिळालं.)

मग माइसनर, मेर्केल, रुफिनी यांची नावं एकेका ग्राहीला, म्हणजे संवेदना टिपणाऱ्या टोकाला, चिकटली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस माक्स फॉन फ्राय या शरीरशास्त्रज्ञाने हिशेब मांडला: स्पर्श, ऊन, थंड, वेदना, प्रत्येकाचं टोक वेगळं. वेदनेचं त्याने बरोबर ओळखलं, ती चेतेच्या उघड्या टोकांतून येते. उष्ण-थंडासाठी मात्र त्याने वेगवेगळे कोश नेमून दिले, आणि तिथे तो चुकला. तीही कामं उघडी टोकंच करतात.

सूक्ष्मदर्शकाखाली ही टोकं सारखीच दिसतात. मग त्यांना चटका कळतो कसा? उत्तर सापडलं मिरचीत. १९९७मध्ये डेव्हिड ज्युलियस या अमेरिकी शास्त्रज्ञाच्या गटाने कॅप्सेसिन (मिरचीतलं तिखट द्रव्य) ज्या प्रथिनाला चिकटतं ते शोधलं. हे प्रथिन म्हणजे चेतेच्या टोकावरचं जणू एक दार. ४३ अंश सेल्सिअसच्या आसपास उघडणारं हे दार मिरचीनेही उघडतं. ज्युलियस यांना २०२१चं नोबेल मिळालं, दाब ओळखणारी प्रथिनं शोधणाऱ्या पटापूटियन यांच्यासोबत. मिरचीने तोंड ‘पोळलं’ असं आपण म्हणतो. चेतेच्या लेखी ते शब्दशः खरं आहे. शिवाय कॅप्सेसिन असताना ते दार कमी तापमानालाही उघडतं. वडापावसोबतच्या तळलेल्या मिरचीवर लगेच चहाचा घोट घेऊन बघा.