पार्श्वभूमी: नकाशा का फुगतो, डिश का चुकते

कोल्हापूरच्या उद्यमनगरात प्रेसवर पत्रा दाबणाऱ्याला विचारा. सपाट पत्र्याची वाटी करायची तर पत्रा ताणावा लागतो, नाहीतर कडेला चुण्या पडतात. शिवाय डायमधून सुटला की तो थोडा उघडतोच. १८२७ मध्ये कार्ल फ्रीडरिश गाउसने यामागचं गणित सिद्ध केलं: गोलाचा पृष्ठभाग ताणल्याशिवाय सपाट होत नाही. नकाशावाले आणि डिश अँटेनावाले, दोघेही इथेच अडतात.

नकाशाकार मर्केटरने १५६९ मध्ये खलाशांसाठी कोन सांभाळले आणि क्षेत्रफळावर पाणी सोडलं. त्याच्या नकाशात ग्रीनलंड आफ्रिकेएवढं दिसतं; प्रत्यक्षात आफ्रिका सुमारे चौदापट मोठी. कोल्हापूर १६.७ अंश अक्षांशावर, म्हणून आपलं क्षेत्रफळ विषुववृत्ताच्या तुलनेत नऊ टक्केच फुगतं.

जमिनीच्या मोजणीला तेवढंही चालत नाही. सर्वेक्षक विल्यम लॅम्बटनने १८०२ मध्ये मद्रासजवळ सुरू केलेल्या सर्वेक्षणाच्या परंपरेत कोल्हापूर येतं ४७ एल या नकाशा-शीटवर. जुन्या शीट बहुशंकू प्रक्षेपणावर होत्या, म्हणजे गोल पृथ्वी अनेक शंकूंवर उलगडून सपाट केलेल्या. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने नागरी नकाशे यूटीएमवर आणले; यात पृथ्वीचे सहा-सहा अंश रेखांशांचे उभे पट्टे करून प्रत्येक पट्टा वेगळा सपाट करतात. आपल्या पट्ट्याची मध्यरेषा ७५ अंश रेखांश, आणि तिच्यावरचं प्रमाण मुद्दामच ०.९९९६. त्यामुळे पट्ट्याच्या मध्याजवळ अंतरं आखूड होतात, कडेला लांबतात. कोल्हापुरात केवळ या प्रक्षेपणापायी किलोमीटरमागे सुमारे ३२ सेंटिमीटर कमी भरतात. टोटल स्टेशनचं, म्हणजे अंतर आणि कोन मोजणाऱ्या यंत्राचं, माप नकाशाशी जुळेना, की चूक यंत्राचीच असते असं नाही.

डिशच्या बाबतीत हिशेब तरंगलांबीशी: पृष्ठभागाची चूक लहरीच्या लांबीच्या तुलनेत किती मोठी, ते महत्त्वाचं. एमआयटीत जॉन रूझने १९५२ मध्ये, आणि पुढे १९६६ च्या लेखात, पृष्ठभागभर विखुरलेल्या चुकांमुळे किती सिग्नल गळतो ते मांडलं. नव्वदच्या दशकात केबलवाल्यांच्या गच्चीवर सी-बँड या उपग्रह-लहरींच्या मोठ्या छत्र्या असत. तिथे तरंगलांबी साधारण ७.५ सेंटिमीटर, त्यामुळे सरासरी २ मिलिमीटर चूक असली तरी ८९ टक्के सिग्नल हाती लागतो. डीटीएचच्या २.५ सेंटिमीटरवर त्याच चुकीने जेमतेम ३६ टक्के उरतो. जाळीची छत्री जाऊन दाबलेला पत्रा आला, त्यात याचाही वाटा आहे.

पुणे जिल्ह्यातल्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीत खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांनी हाच हिशेब उलटा वापरला. लांब लहरी पकडायच्या, मग घोटीव पृष्ठभागाचा खर्च कशाला? तारेच्या जाळीचे सपाट तुकडे ताणून त्यांनी ४५ मीटरच्या तीस डिश स्वस्तात उभ्या केल्या. अमेरिकेतल्या ग्रीन बँक रेडिओ दुर्बिणीला आखूड लहरीही हव्या होत्या. तिथे डिश कलली की स्वतःच्या वजनाने वाकते, आणि २,२०९ मोटारी तिचे पत्रे जागेवर आणत राहतात.