‘सबर्बिकॉन’ची पार्श्वभूमी: एका चित्रपटात दोन कथा

जॉर्ज क्लूनी दिग्दर्शित ‘सबर्बिकॉन’ (२०१७) या ब्लॅक कॉमेडीची (भीषण विषयावरच्या विनोदी चित्रपटाची) मुळे दोन वेगळ्या ठिकाणी आहेत आणि तिच्या फसण्याचे कारणही बरेचसे तिथेच सापडते. पहिले मूळ म्हणजे जोएल आणि ईथन कोएन या अमेरिकी चित्रपटकार बंधूंनी १९८०च्या दशकात लिहून बाजूला ठेवलेली पटकथा. विम्याच्या पैशांसाठी भाडोत्री मारेकऱ्यांकरवी बायकोचा काटा काढणारा एक सभ्य गृहस्थ आणि एक खोटे लपवताना पडत जाणारे मुडदे, असा तिचा ऐवज होता.

दुसरे मूळ प्रत्यक्ष इतिहासातले आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर लेव्हिट या घरबांधणी कंपनीने आधी न्यूयॉर्कजवळ आणि १९५२पासून पेनसिल्व्हेनियात ‘लेव्हिटटाउन’ नावाच्या वसाहती उभारल्या. पेनसिल्व्हेनियातल्या वसाहतीत साच्यातून काढल्यासारखी सतरा हजारांहून अधिक घरे होती आणि कंपनी ती फक्त गोऱ्यांना विकत असे. सरकारी हमीच्या गृहकर्जांची धोरणेही या भेदभावाला पोषकच होती. ऑगस्ट १९५७मध्ये विल्यम आणि डेझी मायर्स या कृष्णवर्णीय दांपत्याने आधीच्या मालकाकडून तिथले घर विकत घेतले आणि मुलांसह ते राहायला आले, तेव्हा रोज रात्री शेकडोंचा जमाव दाराशी जमू लागला, दगडांनी काचा फुटल्या आणि पुढे तर शेजारच्या रिकाम्या घरात अड्डा मांडून रात्री-बेरात्री कर्कश गाणी वाजवण्यापर्यंत मजल गेली. त्याच वर्षी या प्रकरणावर माहितीपटही निघाला. त्यात काही रहिवासी कॅमेऱ्यासमोर अगदी सौम्य सुरात आपला विरोध समजावून सांगतात, आणि ते ऐकताना कोणत्याही विनोदापेक्षा अधिक काटा येतो.

क्लूनी आणि त्याचा सहलेखक ग्रँट हेस्लोव्ह यांनी ही दोन प्रकरणे एकत्र आणली. सगळी वसाहत एका निरपराध कृष्णवर्णीय घरावर तुटून पडलेली असताना खरे खून पलीकडच्या गोऱ्या घरात होत आहेत, ही कल्पना खरोखरच अव्वल आहे. मात्र पडद्यावर ती कल्पनाच राहते. मायर्स कुटुंबावर बेतलेल्या पात्रांना संवाद जेमतेम मिळतात, तर मॅट डेमन आणि ज्युलियन मूर यांच्या घरातली कारस्थाने बहुतेक वेळ व्यापतात. कोएन यांच्या विनोदाला थंड, त्रयस्थ नजर लागते आणि लेव्हिटटाउनच्या घटनेला संताप. आळीपाळीने दोन्ही दाखवताना एकाचीही पकड बसत नाही. विमा कंपनीचा तपासनीस झालेल्या ऑस्कर आयझॅकच्या मोजक्या प्रसंगांत तेवढा सूर लागतो. अडीच कोटी डॉलरच्या आसपास खर्च झालेल्या या चित्रपटाने जगभरात मिळून साधारण निम्मीच रक्कम मिळवली आणि अमेरिकी प्रेक्षकांच्या ‘सिनेमास्कोर’ चाचणीत त्याला ‘डी-मायनस’ ही अगदी खालची श्रेणी मिळाली.